कोपरे झिजलेली कार्डं

प्रिय मित्रा,

तुला मिळालेल्या खोक्यातली बहुतेक बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली ती छोटी कार्डं, 1989-90 सालची आहेत, तेव्हा विकून पैसे होतील या आशेवर राहू नकोस. त्या काळात कंपन्यांनी ती बेसुमार छापली आणि लोकांनी पुढेमागे भाव येईल म्हणून जपून ठेवली. आज ती कुठेही मिळतात. भाव आला तो कुणीच न जपलेल्या कार्डांना. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या 1952 च्या संचातली शेवटची कार्डं हंगाम सरता सरता आली आणि खपली नाहीत. संच तयार करणाऱ्या साय बर्गर यांनीच सांगितलेली हकीकत आहे: उरलेली खोकी 1960 मध्ये त्यांनी कचऱ्याच्या तराफ्यावर चढवली आणि अटलांटिकमध्ये बुडवली. मिकी मँटल या नामांकित खेळाडूचं 311 नंबरचं कार्ड त्यातलंच. 2022 मध्ये त्याची एक प्रत 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली.

तू मात्र झिजलेलं कार्ड घे. सुरुवात टी 206 या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या संचापासून कर. 1909 ते 1911 या काळात ही कार्डं अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून निघायची. जेमतेम दीड इंच रुंद. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं दुर्मीळ कार्ड आपल्या आवाक्यातलं नाही, पण एखाद्या साध्या खेळाडूचं, कोपरे गोल झालेलं, मधे घडी पडलेलं कार्ड बेताच्या पैशांत मिळतं. ते भिंगाखाली धर. खालचं नाव सलग, भरीव शाईत दिसायला हवं. अक्षरंसुद्धा एकसारख्या ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती नंतरची नक्कल समज.

आणि घेतल्यावर त्याला सुधारू नकोस. घडी दाबून सपाट करायची नाही, कडा कापायच्या नाहीत. सर्वांत उत्तम अवस्थेतलं म्हणून गाजलेलं वॅग्नरचं कार्ड कडा कापून नीटस केलेलं होतं. लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये तशी कबुली दिली. मला त्यापेक्षा पाठीवर एखाद्या पोरानं पेन्सिलीनं काही खरडलेलं कार्ड शंभर पटींनी प्रिय आहे. ते कुणाच्या तरी खिशात राहिलंय, कुणीतरी ते हाताळलंय.

संचाला टी 206 हा क्रमांक दिला तो कार्डांची सूची करणारे संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरातला हा माणूस संधिवातानं हैराण होता, तरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वर्षानुवर्षं बसून, दुखऱ्या बोटांनी आपली कार्डं वह्यांत चिकटवत राहिला. तीन लाखांहून जास्त छापील चिजा त्यानं संग्रहालयाला देऊन टाकल्या. काम उरकलं आणि लगेचच, 1963 मध्ये, तो गेला. कार्ड चिकटवणं आज कुणाला पटणार नाही. तूही चिकटवू नकोस, पीव्हीसी नसलेलं पारदर्शक पाकीट वापर. पण आपण आजही त्याच्याच क्रमांकांनी बोलतो.

पहिलं टी 206 घेतलंस की कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो आधी पाठव. पीडमाँट सिगारेटची जाहिरात निघते की स्वीट कॅपोरलची, ते बघायचंय मला.

तुझा,
काका