'आलो' म्हणू की 'आले'?

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांचा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. कागदावर मुलगी, मनातनं लहानपणापासून मुलगा. पुण्याच्या डॉक्टरांकडं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू करून पाच महिने झाले, आवाज फुटलाय, सगळे विचारतात घसा बसला का गं, मी म्हणतो हो एसीमुळं, आणि आमच्याकडं एसीच नाही. 'आले-गेले' तोंडात येईना, 'आलो-गेलो' म्हणायचं धाडस होईना, म्हणून 'आम्ही आलो' म्हणतो तर बायका हसतात, राणीसरकार झाली म्हणून. जेन्ट्स टॉयलेटला कडी नाही, लेडीजमध्ये जाववत नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. शेठना सांगू का? नोकरी जाईल का?

उत्तर : अरे दादा, पत्रात एका ठिकाणी तू 'गेले' लिहून खोडून 'गेलो' केलंयस, तिथं मी जरा थांबलेच. आपल्या भाषेत क्रियापदच चुगली करतं बघ.

सांग, आणि शाळेचा सीझन अंगावर यायच्या आत सांग. हा आवाज आता मागं जाणार नाही, पुढं दाढीपण येईल, म्हणजे तू गप्प बसलास तरी डब्याच्या वेळी शेंगाचटणीबरोबर तुझा विषय निघणारच. पण सगळ्यांना एकदम नको. आधी शेठ, एकटे असताना. "शेठ, माझे उपचार चालू आहेत, एक तारखेपासून मला या नावानं हाक मारा, आणि 'आला-गेला' म्हणा, काम तेच राहील" एवढं बास. ऑपरेशन झालं का असं कुणी विचारलंच तर ते तुझं खासगी, उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

नोकरी जाणारच नाही असं छातीठोक कसं सांगू, छोट्या कारखान्यात शेठच एचआर असतो. पण २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम ९ नोकरीत, बढतीत भेदभाव करू देत नाही आणि कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो. पहिल्याच भेटीत कलमं काढू नकोस, खिशात असू देत. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी "आज आपलं ठरलं त्याप्रमाणे" असा व्हॉट्सॲप मेसेज मात्र टाक, पुढं कुणी फिरलं तर हातात काहीतरी असावं.

कागदांचं वेगळं. हाक मारायला सरकारी कागद लागत नाही, पीएफला लागतो. आधारवर एक नाव आणि पीएफमध्ये दुसरं झालं की पैसे अडकतात, तेव्हा मॅनेजरला घाईनं एकाच ठिकाणी नाव बदलू देऊ नकोस. ट्रान्सजेंडर ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, नियम बदलत असतात म्हणून अर्जाआधी तिथंच जाऊन विचार.

आणि ती कडी! शेठची वाट कशाला बघतोस, मेंटेनन्सवाल्याला सांगून उद्याच बसवून घे. एप्रिलात सोलापूर चाळिशी पार करतं आणि तू पाणी न पिता गठ्ठे उचलतोस, उद्या मुतखडा झाला तर केसपेपरवर कुठलं नाव लिहायचं हा अजून एक घोळ.