एमबीबीएसला बायोस्टॅटिस्टिक्स कसं शिकावं? सूत्रं पाठ आहेत, पण अर्थ कळत नाही

तुम्ही लिहिलंय की मीन (सरासरी), मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन), काय-स्क्वेअर, सगळी सूत्रं पाठ आहेत, गणित दिलं तर सुटतंही. पण पी व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं की पुढे बोलता येत नाही. आणि बारावीला गणित सोडलं होतं म्हणून हे होतंय का, असंही विचारलंय.

आधी गणिताचं सांगते. बारावीच्या गणिताचा इथे काही संबंध नाही. मीही बायोलॉजी ग्रुपचीच. आज पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) विभागात शिकवते, एमडीच्या मुलांचे थिसिस बघते, आणि रोजच्या कामात लागतं ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि क्वचित एखादं वर्गमूळ. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्याला सूत्र आधी मिळतं, आणि ते ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न आपल्याला कधी पडलेलाच नसतो.

मला तो पहिल्यांदा पडला रूरल पोस्टिंगला. पावसाळ्याचे दिवस होते, ओपीडीत जुलाबाचे पेशंट येत होते. सरांनी विचारलं, कुठल्या गावात जुलाब जास्त आहेत? मी रजिस्टर उघडून मोजलं. एका गावचे 24, दुसऱ्या गावचे 9. पहिल्या गावात जास्त, असं सांगून टाकलं. सर एवढंच म्हणाले, "कितीपैकी?"

पहिलं गाव चार हजार वस्तीचं, आरोग्य केंद्र त्याच गावात. दुसरं साडेसहाशे लोकांचं, ओढ्यापलीकडचं. म्हणजे पहिल्या गावात हजारी 6 आणि दुसऱ्यात हजारी जवळजवळ 14. शिवाय ओढ्याला पाणी असताना जे येऊ शकले तेवढेच माझ्या रजिस्टरात होते. घरीच राहिलेल्यांची नोंद कुणाकडे असणार? दुसऱ्या दिवशी टीम त्या लहान गावात गेली. मी दिलेल्या उत्तरावर गेली असती तर चुकीच्या गावात क्लोरीनच्या गोळ्या वाटत बसली असती. "कितीपैकी?" हा एक शब्द मी तेव्हापासून सोडलेला नाही, आणि तुम्हालाही तोच देते. वर्तमानपत्रातली बातमी असो, औषध कंपनीच्या माणसाने दिलेला चकचकीत कागद असो की वॉर्डातल्या सिनियरचं "मी असे खूप पेशंट पाहिलेत" असो, आधी हे विचारायचं. प्रिव्हॅलन्स (लोकांपैकी सध्या आजारी किती), इन्सिडन्स (नव्याने आजारी किती पडले), केस फॅटॅलिटी (आजाऱ्यांपैकी किती दगावले), सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी टेस्टने किती पकडले) हे सगळे याच प्रश्नाचे प्रकार आहेत. भागाकाराच्या खाली कोण आहे, एवढाच त्यांच्यात फरक.

दुसरी गोष्ट मी नुकसान करून घेऊन शिकले. विद्यार्थी असताना एक छोटं प्रोजेक्ट केलं होतं, गरोदर बायकांमधला अ‍ॅनिमिया. फॉर्मवर मी चौकट आखली: "अ‍ॅनिमिया: आहे / नाही." हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर "आहे"वर टिक. दीड महिना एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, ओपीडीत बसून फॉर्म भरले आणि तो गठ्ठा घेऊन स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे गेले. त्यांनी वरचे पाच-सहा फॉर्म उलटले आणि विचारलं, "हिमोग्लोबिनचा आकडा कुठंय?"

आकडा नव्हता. 10.8 वाली बाई आणि 6.2 वाली बाई, दोघींच्या फॉर्मवर तीच एक टिक. पहिलीला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात, दुसरीला मोठ्या दवाखान्यात धाडावं लागतं, आणि माझ्या कागदावर त्या दोघी एकसारख्या झाल्या होत्या. लॅबच्या रजिस्टरातून परत शोधायला गेले तर निम्म्या नोंदी जुळेनात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1938 साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत सांगितलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं. प्रयोग कशाने गेला एवढंच तो सांगू शकेल. माझ्या प्रोजेक्टचं अगदी तेच झालं. "टाइप्स ऑफ डेटा" हे प्रकरण पहिल्या दिवशी शिकवतात आणि सगळे ते कंटाळून ऐकतात. ते नीट ऐका. आकडा हाती असेल तर त्याचे गट नंतर कधीही पाडता येतात. गटांवरून आकडा परत मिळत नाही.

मीन-मीडियनवर फार वेळ घालवू नका. सात पेशंट वॉर्डात अनुक्रमे 2, 3, 3, 4, 4, 5 आणि 49 दिवस राहिले. मीन 10, मीडियन 4. दहा दिवस तर त्यांतलं कुणीच राहिलेलं नाही. एवढं ध्यानात राहिलं की पुरे.

एसडी आणि एसई (स्टँडर्ड एरर) मात्र थेट एमडीच्या थिसिसपर्यंत लोकांना छळतात, म्हणून ते थोडं सविस्तर. समजा एका तालुक्यातल्या बायकांच्या हिमोग्लोबिनचं मीन 11 आहे आणि एसडी 1.5. हा 1.5 बायकांबद्दल बोलतो: त्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत. तुम्ही 25 जणी तपासा नाहीतर 100 जणी, बायकांमधला फरक तेवढाच राहणार. आता तुम्ही 25 जणींचं मीन काढलं, तुमच्या मैत्रिणीने दुसऱ्या 25 जणींचं काढलं, आणखी कुणी तिसऱ्या 25 जणींचं. ही मीनं एकमेकांपासून किती हलतील? ते सांगतो एसई: 1.5 भागिले 25 चं वर्गमूळ, म्हणजे 0.3. शंभर जणी घेतल्या तर 0.15. एसडी बायकांचा, एसई तुमच्या अंदाजाचा. बरेच जण पेपरात एसई छापतात कारण तो लहान दिसतो. वाचताना प्लस-मायनसच्या पुढे नक्की काय लिहिलंय ते बघत जा.

आता पी व्हॅल्यू. यासाठी एक वाटी काबुली चणे घ्या.

1948 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल प्रसिद्ध केली. तिची संख्याशास्त्रीय आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. युद्धानंतरचे दिवस, औषध नवं, सगळ्यांना पुरेल एवढं देशात नव्हतंच. मग कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नुसती अंथरुणातली विश्रांती, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता बंद लिफाफ्यांतून ठरवलं. एकूण 107 पेशंट. औषधाच्या गटात 55, विश्रांतीच्या गटात 52. सहा महिन्यांत औषधाच्या गटात 4 दगावले, विश्रांतीच्या गटात 14.

इथे लगेच काय-स्क्वेअर लावू नका. एक शंकेखोर माणूस समोर बसलाय असं धरा. तो म्हणतो, "औषधात काही दम नाही. हे 18 जण कुठल्याही गटात असते तरी जाणारच होते. लिफाफे वाटताना त्यांतले जास्त जण योगायोगाने विश्रांतीच्या गटात पडले, इतकंच." त्याचं हे म्हणणं म्हणजेच नल हायपोथेसिस. पुस्तकात ते एका रुक्ष वाक्यात असतं, पण खरं तर तो समोरच्या माणसाचा रास्त आक्षेप आहे आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.

त्याचं म्हणणं तपासून बघता येतं. आम्ही दोघी मैत्रिणींनी होस्टेलच्या खोलीत बसून बघितलं. मेसमधून चणे मागून आणले. 107 मोजले. त्यातल्या 18 चण्यांवर मार्करने काळा ठिपका दिला. हे दगावणारे, शंकेखोराच्या मते आधीपासूनच ठरलेले. सगळे स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावून हलवले आणि न बघता 55 बाहेर काढले. हा झाला "औषधाचा गट", पण औषधाविना. ठिपकेवाले किती? 10. परत सगळे डब्यात, परत हलवलं, परत 55. या वेळी 8. मग 9. मग 11. मैत्रीण मोजायची, मी वहीत लिहायचे. रात्री दीडपर्यंत 40 फेऱ्या झाल्या. बहुतेक वेळा आकडा 7 ते 11 च्या दरम्यान. एकदाच 5 आला. 4 एकदाही आला नाही.

वहीतले ते आकडे बघताना मला पी व्हॅल्यू कळली, आणि पुन्हा कधी विसरले नाही. शंकेखोराचं म्हणणं खरं धरलं, तर 4 किंवा त्याहून कमी ठिपके यायची वेळ हजार फेऱ्यांत साधारण सातदा येईल. उलट्या टोकाचा तेवढाच मोठा फरकही धरला तर पी व्हॅल्यू 0.01 च्या आसपास जाते. म्हणजे त्याचं म्हणणं अशक्य नाही, पण ते धरून ठेवायचं तर फार मोठ्या योगायोगावर विश्वास ठेवावा लागेल. आता काय-स्क्वेअरचं सूत्र काढा. त्यातली "एक्स्पेक्टेड" किंमत 18 गुणिले 55 भागिले 107, म्हणजे 9.25. आमच्या वहीतले आकडे ज्याच्या भोवती फिरत होते तोच हा आकडा! सूत्र मोजतं ते एवढंच की खरी ट्रायल त्या मध्यापासून किती लांब पडली. उत्तर 7.4 येतं, टेबलात 5 टक्क्यांची रेघ 3.84 वर आहे, म्हणजे नुसत्या योगायोगाने तिच्यापलीकडे शंभरात पाचदाच जातं. 40 फेऱ्यांचं काम एका ओळीत.

आणि पी व्हॅल्यू काय नाही, तेही याच डब्यातून कळतं. "औषध निकामी असण्याची शक्यता 1 टक्का" असा तिचा अर्थ होत नाही, कारण औषध निकामी आहे हे धरूनच आपण चणे काढत होतो. औषध किती उपयोगी, हेही ती सांगत नाही. त्यासाठी परत साध्या टक्क्यांकडे यायचं: विश्रांतीच्या गटात 27 टक्के दगावले, औषधाच्या गटात 7. शंभरामागे 20 चा फरक, म्हणजे पाच जणांना औषध दिलं तर सहा महिन्यांत एक जीव वाचतो. पेशंटच्या नातेवाइकांना सांगण्यासारखा आकडा हा आहे. पुढची गोष्टही तितकीच महत्त्वाची. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे झाले, आणि काही वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन गटांतलं अंतर बरंच कमी झालेलं होतं. टीबीला एकाच वेळी अनेक औषधं देतात त्यामागे हा अनुभव आहे. पी व्हॅल्यू कितीही लहान असली तरी ट्रायल जेवढा काळ बघते तेवढंच तिला दिसतं.

लिफाफे कशासाठी, तुलनेचा गट कशासाठी, हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. 39 गावांत ही सेवा दिली, आणि दुसऱ्या 47 गावांत ती न देता फक्त जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. 1999 साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. ती 47 गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं की काळ सुधारला, रस्ते झाले, मृत्यू तसेही कमी झाले असते. इथे गावं लिफाफ्यांतून निवडलेली नव्हती, त्यामुळे दोन्हीकडची गावं मुळात सारखी होती का, हा प्रश्न वाचताना विचारायचाच. म्हणून तर असे पेपर सुरुवातीची परिस्थिती आधी मांडतात. पेपर हातात आला की ते पहिलं टेबल सावकाश वाचायची सवय लावा. कन्फाउंडिंग, म्हणजे दोन गटांतला दुसराच एखादा फरक निकालात मिसळणं, हा शब्द तिथे आपोआप समजतो.

सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीसाठी सूत्र विसरा आणि हजार माणसं कागदावर मांडा. टेस्ट दोन्ही बाबतीत 90 टक्के चांगली आहे, म्हणजे शंभर आजाऱ्यांतले 90 पकडते (सेन्सिटिव्हिटी) आणि शंभर निरोगी लोकांतल्या 90 जणांना निगेटिव्ह म्हणते (स्पेसिफिसिटी). गावातल्या तपासणीत हजारात 10 आजारी: टेस्ट 9 पकडेल, आणि 990 निरोगी लोकांतल्या 99 जणांनाही पॉझिटिव्ह म्हणेल. 108 पॉझिटिव्हपैकी खरे आजारी 9. आता तीच टेस्ट छातीच्या ओपीडीत, जिथे हजारात 300 आजारी आहेत: 270 खरे, 70 खोटे. टेस्ट तीच, पण गावात पॉझिटिव्ह आलेल्यांतले शंभरात 8 खरे आजारी, आणि ओपीडीत शंभरात 79. पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून घाबरलेला माणूस उद्या तुमच्यासमोर बसणार आहे. त्याला काय सांगायचं ते या हिशेबावर ठरेल.

परीक्षेचं म्हणाल तर कुठला डेटा असताना कुठली टेस्ट, याचा तक्ता पाठ करावा लागतोच, तो करा. पीएसएमच्या प्रॅक्टिकलला येणारी गणितं ठरावीक असतात, विभागातले जुने प्रॉब्लेम सोडवले की ती होतात. सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर जामोवी फुकट आहे. पण पहिला टू-बाय-टू (दोन ओळी, दोन रकाने) तक्ता हातानेच काढा.

या रविवारी एक मैत्रीण किंवा मित्र पकडा आणि चणे मोजायला बसा. 107 चणे, 18 ठिपके, 55 बाहेर. तुमच्या 40 फेऱ्यांत सगळ्यात कमी किती ठिपके आले, ते मला नक्की कळवा.