मुलगी सापडली, मग घरी का देत नाहीत?

"पोरगी सापडली ना? मग आमच्या ताब्यात का देत नाही? गुन्हा तिनं केलाय का?" तस्करीतून सोडवून आणलेल्या मुलींचे आईवडील बालगृहाच्या दारात हेच विचारतात. पुढची हकिकत अशाच एका आईची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नांदेड जिल्ह्यातली 15 वर्षांची मुलगी. पुण्यात घरकामाला लावते म्हणत लांबच्या मावशीनं आईच्या हातावर 10 हजारांची उचल ठेवली आणि तिला नेलं. पोलिसांनी तिला एका लॉजवरून सोडवलं आणि 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर केलं. समितीनं बालगृहात ठेवायचा आदेश दिला. आई तिला न्यायला आली ती त्याच मावशीला सोबत घेऊन, कारण "तिला शहरातलं कळतं".

प्रकरण अडकतं ते इथेच. मुलीला धाडण्यात घरातल्या कुणाचा हात होता का, परत पाठवली तर पुन्हा तेच होईल का, हे समितीला तपासावंच लागतं. खोटे आईबाप उभे करून मुली सोडवून नेल्याचे प्रकार घडलेत, त्यामुळे ही चौकशी टाळू नये. बाल न्याय कायद्यानुसार सामाजिक चौकशीला 15 दिवस आणि पहिल्या हजेरीपासून अंतिम आदेशाला 4 महिने मिळतात.

आईला पहिलं सांगणं हेच, की मावशीला यातून बाजूला काढा. उचल घेतल्याचं लपवू नका. चौकशीला माणूस घरी येतो, शेजारीपाजारी विचारतो, तेव्हा ते निघतंच आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही. शाळेतला जन्मतारखेचा दाखला आणा, नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वयासाठी वैद्यकीय तपासणी होते. नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. "मुलगी 19 ची आहे असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, लगेच सुटेल" म्हणणारे भेटतात. तसं अजिबात लिहून देऊ नका, त्यानं पोक्सोचं, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, संरक्षणच धोक्यात येतं. आणि ती स्वतःहून गेली असं कुणी म्हटलं तरी तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेची संमती धरली जात नाही.

पहिल्या भेटीत आईनं विचारलं, "तू ओरडली का नाहीस?" मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. रात्री जेवली नाही. पुढच्या भेटीआधी आईशी ठरवलं, की एकही प्रश्न विचारायचा नाही, फक्त घरचं सांगायचं. शेळी व्यायली, धाकट्याचा दात पडला. त्यानंतरच्या भेटीत मुलीनंच विचारलं, "मावशीनं तुला पैसे दिले ना?" आई हो म्हणाली, आणि पैसे कशाचे म्हणून घेतले तेही सांगितलं. त्या दिवशी मुलगी पहिल्यांदा रडली. पुढे प्रकरण नांदेडच्या समितीकडे गेलं आणि ती घरी आली.

अशी मुलगी घरी आल्यावर नेणाऱ्यांचे फोन येतात, कधी गोडीत, कधी धमकीचे. उचलू नका. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. नंबर आणि वेळ लिहून तपास अधिकाऱ्याला द्या. कुणी दारात आलं तर 112 लावा. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही रात्रंदिवस चालू असते.