नाशिकमध्ये बंगल्याला मागे खोली वाढवताय? आधी एवढं करा

गवंडी ठरवण्याआधी जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला (बांधकाम पूर्ण झाल्यावर वापराला परवानगी देणारा दाखला) शोधून काढा, सगळं त्यावरच अडतं. मग टेप घेऊन कंपाउंडपासून भिंतीपर्यंतचं अंतर स्वतः मोजा. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, खोली काढायचा मोह भल्याभल्यांना होतो आणि प्रस्ताव तिथेच अडकतो. चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं) किती शिल्लक आहे, ते परवानाधारक आर्किटेक्ट राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीवरून (यूडीसीपीआर) काढून देईल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- ‘शेजाऱ्यांनीही केलंय’ म्हणत नाशिक महापालिकेच्या नगररचना विभागाकडून परवानगी येण्याआधीच कॉलम उभे करणं.
- प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव. वारसनोंदीला वेळ लागतो, आजच अर्ज टाका.

टीडीआर, प्रीमियम वगैरे (पैसे मोजून जादा बांधकामाचा हक्क मिळवायचे मार्ग) आत्ता डोक्यात घेऊ नका. शेजाऱ्यांना मात्र नकाशा आधीच दाखवा. बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. नीट होईल काम, बिनधास्त सुरुवात करा.