सोळा वर्षांचा मुलगा, बास्केटबॉल आणि जर्मनी : नाशिकच्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपल्या मुलाला फेब्रुवारीत सोळा पूर्ण झाली, उंची ६ फूट ५ इंच भरली, राज्याच्या संघात त्याची निवड झाली, आणि आता एक गृहस्थ वर्षाला काही लाख रुपये घेऊन त्याला युरोपातल्या ‘अकादमी’त घालून देतो म्हणत आहेत. दुसरीकडे आपल्याला स्वतःलाच स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीकडून नोकरीचे पत्र आले आहे. मुलाला एकट्याला पाठवावे, सगळ्यांनी निघावे, की बारावी होईपर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे.

मी २००९ साली पुण्याहून नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत आलो, तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. तो येथेच खेळायला लागला, येथल्या युवा लीगमधून वर गेला, तीन वर्षे पगार घेऊन खेळला आणि बाविसाव्या वर्षी गुडघा गमावून थांबला. त्यामुळे पुढचे बरेचसे मी बापाच्या खुर्चीतून लिहीत आहे, प्रशिक्षकाच्या नव्हे. माझे मत आधीच सांगतो. एकट्याला पाठवू नका. नोकरी ही नोकरी म्हणून आपल्याला पटत असेल, तरच सगळे मिळून या. मुलाच्या बास्केटबॉलसाठी म्हणून ती स्वीकारू नका.

पहिली अडचण नियमाची आहे आणि ती त्या गृहस्थांनी आपल्याला सांगितलेली दिसत नाही. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमानुसार १८ वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूला एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत जाता येत नाही. विशेष प्रकरणी महासंघ परवानगी देतो, आणि ती देताना मुलाचे शिक्षण, राहण्याची सोय, आई-वडिलांची परिस्थिती आणि स्थलांतराचे खरे कारण हे सगळे तपासतो. वडिलांची नोकरी बदलली म्हणून कुटुंब आले, हे कारण समजण्यासारखे असते. एका एजंटाने एका मुलाला विमानात बसवले, हे नसते. ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायला मोकळीक देणारे पत्र, मिळाले नाही, तर मुलगा अकादमीत राहील, सकाळ-संध्याकाळ सराव करील, पैसे आपण भरत राहाल, आणि अधिकृत सामन्यात मात्र त्याला उतरता येणार नाही.

आपण अमेरिकेच्या एनबीए लीगमधला स्लोव्हेनियन खेळाडू लुका डॉन्चिच याचे उदाहरण दिले आहे. तो २०१२ साली तेराव्या वर्षी ल्युब्लियानाहून रेआल माद्रिदला गेला, सोळाव्या वर्षी पहिल्या संघातून स्पेनच्या लीगमध्ये उतरला आणि २०१८ साली युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकून त्याच वर्षी अमेरिकेला गेला, हे सगळे खरे आहे. पण त्याला क्लबने बोलावले होते; राहणे, शाळा, जेवण यांची जबाबदारी क्लबने घेतली होती. युरोपात ज्या मुलावर क्लबचा विश्वास असतो, त्याच्यावर क्लब खर्च करतो. जेथे खर्च वडिलांनी करायचा असतो, तेथे मुलगा खेळाडू नसून ग्राहक असतो. सतनाम सिंगचे नावही आपण घेतले आहे. पंजाबातल्या खेड्यातून तो अमेरिकेतल्या अकादमीत गेला, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि तरीही एनबीएच्या मुख्य लीगमधला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याची उंची ७ फुटांच्या वर आहे.

उंचीचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे येणारे आपल्याकडचे बहुतेक पालक याच ठिकाणी चुकतात. आपला मुलगा सेंटर खेळतो असे आपण लिहिले आहे. महाराष्ट्रात ६ फूट ५ इंचांचा मुलगा दिसला की त्याला बास्केटखाली उभे करतात, पाठ बास्केटकडे ठेवून चेंडू घ्यायला आणि रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू, काढायला शिकवतात, आणि तो शालेय स्पर्धा जिंकून देतो. जर्मनीत त्या उंचीचा मुलगा गार्ड असतो. तो चेंडू घेऊन संपूर्ण मैदान पार करतो, दोन्ही हातांनी ड्रिबल करतो, थ्री-पॉइंटर मारतो आणि बचावात आपल्याहून चपळ मुलासमोर पाय सरकवत टिकतो. माझा मुलगा तेराव्या वर्षी संघात सर्वांत उंच होता, म्हणून त्यालाही सेंटर केले होते. दोन वर्षांत बाकीची मुले त्याच्या डोक्यावरून गेली. तेव्हा एका वयस्कर प्रशिक्षकाने त्याला सहा महिने सामन्यांत जवळजवळ बाकावर बसवले आणि सरावात फक्त डाव्या हाताने चेंडू हाताळायला लावले. घरी रोज रडारड होत असे. मीही मनातून त्या माणसावर चिडलो होतो, आणि पुढे जे काही झाले ते त्या सहा महिन्यांमुळेच झाले, हे मला फार उशिरा कळले. आपल्या मुलाला आजपासून गार्डचे काम करायला लावा. नाशिकच्या प्रशिक्षकांना ते आवडणार नाही.

आता पासपोर्टाचा मुद्दा. माझ्या मते उंचीपेक्षाही तो मोठा आहे. जर्मन बास्केटबॉल बुंडेसलिगामध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, सामन्यासाठी जास्तीत जास्त १२ खेळाडूंची नावे देता येतात आणि त्यांतले परदेशी सहाच असू शकतात. त्या सहा जागांवर अमेरिकी विद्यापीठांत चार-चार वर्षे खेळून आलेले तेवीस-चोवीस वर्षांचे तयार पुरुष असतात, शिवाय सर्बिया, लिथुआनिया, क्रोएशिया येथले खेळाडू असतात. भारतीय पासपोर्टावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्याशी त्याच जागेसाठी स्पर्धा करतो. जर्मन पासपोर्ट असला, तर जर्मन मुलांसाठी राखलेल्या जागांसाठी मात्र त्याची स्पर्धा आपल्या वयाच्या मुलांशी असते, आणि तेथे वाव असतो. स्पेनची पद्धत वेगळी आहे. तेथे १४ ते २० या वयात तीन हंगाम स्पॅनिश क्लबांत घडलेला खेळाडू स्थानिक धरला जातो, पासपोर्ट कोणताही असो. म्हणून तेथले क्लब तेरा-चौदा वर्षांची मुले जमवतात आणि सोळा म्हणजे त्यांच्या दृष्टीने उशीर झालेला असतो. जर्मन नागरिकत्व २०२४ च्या कायद्याने पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मागता येते. आपला मुलगा आज आला तरी एकविसाच्या आत हिशेब जुळत नाही. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तो भारतीय पासपोर्ट सोडेल आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या, कार्डावर येईल, हे आजी-आजोबांना आताच सांगून ठेवलेले बरे. एनबीएतला विख्यात ग्रीक खेळाडू यानिस अँटेटोकुन्म्पो अथेन्समध्ये जन्मला, वाढला, तेथेच खेळायला शिकला. तरी ग्रीक नागरिकत्व त्याला २०१३ साली, ड्राफ्टच्या तोंडावर मिळाले.

व्हिसाचेही गणित याच्याशीच जोडलेले आहे. व्यावसायिक खेळाडू म्हणून जर्मनीत राहायचे, तर वय किमान १६ हवे, खेळातल्या योग्यतेला संबंधित महासंघाची संमती हवी आणि पगाराच्या ज्या कमाल मर्यादेपर्यंत पेन्शन विम्याची वर्गणी कापतात, त्या मर्यादेच्या निम्मा तरी पगार हवा. २०२५ च्या आकड्यांनुसार हा पगार महिन्याला ४,०२५ युरो, तोही करापूर्वी, होतो. दुसऱ्या श्रेणीच्या प्रोआ लीगमध्ये नवख्या मुलाला आणि तिसऱ्या श्रेणीच्या प्रोबी लीगमध्ये बहुतेक कोणालाच इतके मिळताना मी पाहिले नाही. म्हणजे जेथून सुरुवात करायची, तेथल्या पगारावर व्हिसा मिळत नाही. आपण ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आलात आणि मुलगा कुटुंबाचा घटक म्हणून आला, तर त्याला याच देशात शिकता येते, कमी पगाराचे काम करता येते, आणि या पायरीवर अडावे लागत नाही. आपल्या नोकरीचे मोल बास्केटबॉलच्या दृष्टीने असेल तर ते एवढेच, पण ते कमी नाही. मात्र निघायचे तर एकत्र निघा. 

येथे आल्यावर तो १९ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये, एनबीबीएलमध्ये, जागा शोधील. ही लीग २००६ पासून चालते. ती मिळाली नाही तर गावातल्या क्लबचा साधा युवा संघ असतोच, आणि त्यात कमीपणा मानू नका. येथला क्लब हा गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालणारा ‘फेराइन’ असतो. घरच्या सामन्याला स्कोअर टेबलावर पालकच बसतात. मी कित्येक रविवार चोवीस सेकंदांच्या, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायला लावणाऱ्या, घड्याळाचे बटण दाबत घालवले आहेत. शॉट रिंगला लागला की घड्याळ पुन्हा लावायचे, नुसता बोर्डाला लागला तर नाही, आणि चुकले की दोन्ही बाकांवरून ओरडा. शेजारच्या टेबलावर आया केक आणि कॉफी विकतात, त्या पैशांतून संघाच्या बसचे भाडे निघते. आमच्या घरून रव्याचा केक जात असे आणि तो सर्वांत आधी संपत असे, हे माझ्या पत्नीने आवर्जून लिहायला सांगितले आहे.

मग पगाराची वर्षे. लोकांना युरोलीग दिसते: भरलेले हॉल, विमानप्रवास, लाखो युरोंचे करार. त्या पातळीवर मोजके क्लब आणि मोजके खेळाडू आहेत. माझ्या मुलाचा पहिला करार प्रोबीमधला होता: ऑगस्ट ते मे असे दहा महिने, हातखर्चाहून थोडी अधिक रक्कम, आणखी दोन खेळाडूंबरोबर भाड्याचे घर, दुपारचे जेवण एका प्रायोजकाच्या उपाहारगृहात, आणि क्लबची एक लहान गाडी जिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या बेकरीचे नाव हातभर अक्षरांत लिहिलेले होते. शेजारच्या आजी त्याला पाव पोहोचवणारा मुलगाच समजत होत्या. सकाळी जिम आणि बास्केटवर नेम धरण्याचा सराव, दुपारी विश्रांती, संध्याकाळी संघाचा सराव, शनिवारी चार-पाच तासांचा बसप्रवास करून सामना आणि त्याच रात्री परत. करार एका वर्षाचा असतो. फार तर ‘एक अधिक एक’, आणि त्यातला दुसरा ‘एक’ बहुधा क्लबच्या मर्जीवर. दोन वाईट सामन्यांनंतर त्यांच्या संघातला एक अमेरिकी खेळाडू मंगळवारी सरावाला होता आणि गुरुवारी त्याच्या खोलीत दुसरा राहायला आला होता.

तिसऱ्या वर्षी तो प्रोआमधल्या एका क्लबकडे गेला. तेथे हिवाळ्यात दोन महिने पगार आला नाही, कारण मुख्य प्रायोजकाने हात काढून घेतला होता. आम्ही गप्प बसलो असतो तर ते पैसे बुडाले असते. खेळाडू येथे कायद्याने कर्मचारी असतो, म्हणून कामगार न्यायालयात जाण्याची नोटीस वकिलाकडून धाडल्यावर रक्कम हप्त्यांनी मिळाली. इतर देशांत खेळणाऱ्यांच्या करारात फिबाच्या लवादाचे, जिनिव्हातल्या ‘बॅट’चे, कलम असावे असा आग्रह धरावा, हा लवाद २००७ पासून याच भांडणांसाठी आहे. प्रोआमधल्या त्याच हंगामात, जानेवारीत, मुलाच्या गुडघ्याचा क्रूसिएट लिगामेंट तुटला. या बाबतीत जर्मनीला मनापासून श्रेय दिले पाहिजे: पगारी खेळाडूचा अपघात विमा येथे सक्तीचा असतो, त्यामुळे शस्त्रक्रिया, नऊ महिन्यांचे फिजिओ आणि मधल्या काळातले उत्पन्न यांसाठी आम्हाला खिशात हात घालावा लागला नाही. करार मात्र मे महिन्यात संपला आणि पुढचा झाला नाही. आता तो फिजिओथेरपीचे तीन वर्षांचे शिक्षण घेतो आणि प्रादेशिक लीगमध्ये हौसेने खेळतो. त्याला खंत आहे का, असे आपण विचाराल. मी एकदा विचारले होते. त्याने बेकरीच्या गाडीची आठवण काढली आणि विषय बदलला.

अकादमीत घालून देतो म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना दोनच प्रश्न विचारा: फिबाचा एजंट म्हणून त्यांच्याकडे परवाना आहे का, आणि असल्यास कोणत्या क्लबच्या प्रशिक्षकाने आपल्या मुलाचा खेळ पाहून त्याला नावानिशी बोलावले आहे. खरा एजंट करारातून आपला हिस्सा घेतो, आणि तोही युरोपात बहुधा क्लबच देतो. वडिलांकडून आगाऊ पैसे तो मागत नाही.

निघायचे ठरलेच, तर आपल्या भावी कंपनीकडे ऑगस्टमध्ये रुजू होण्याची मुभा मागा, कारण हंगामाची बांधणी आणि स्टुटगार्टच्या राज्याची, बाडेन-व्युर्टेम्बर्गची, उन्हाळी सुट्टी या दोन्ही गोष्टी त्याच सुमारास येतात आणि शाळा सप्टेंबरात उघडते. जर्मन न येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला आधी भाषेच्या स्वतंत्र वर्गात बसवतात, म्हणून नाशिकमध्येच शिकवणी सुरू करा; बी-१ या मधल्या पातळीपर्यंत पोहोचला तर शाळेतले त्याचे एक वर्ष वाचू शकते. क्लबांना पत्रे लिहिताना निवडक बास्केटांची दोन मिनिटांची फीत पाठवू नका, ती येथे कोणी बघत नाही. एका हरलेल्या सामन्याचे पूर्ण, न कापलेले चित्रण पाठवा, आणि सोबत त्याची चपलांशिवाय मोजलेली उंची, हातांचा फैलाव व जन्मतारीख लिहा. मी ज्या प्रशिक्षकांशी बोललो आहे, ते चेंडू नसताना मुलगा काय करतो तेच आधी बघतात.