वाचकांचे प्रश्न : हॅडलोचा ‘दगडी’ मनोरा

प्रश्न : इंग्लंडच्या केंट परगण्यातला गॉथिक शैलीचा हॅडलो टॉवर दगडी दिसतो, पण तो विटांचा असल्याचे वाचले. मग नक्षी कशातली? आणि तो मोडकळीला कशाने आला?

उत्तर : विटांचाच आहे. वॉल्टर बार्टन मे यांनी आपल्या वाड्याला १८३८च्या सुमारास हा अष्टकोनी मनोरा जोडला. वास्तुकार जॉर्ज लेडवेल टेलर. १८४०मध्ये त्यावर ४० फुटी, झरोक्यांचा माथा चढला आणि उंची १७० फुटांच्या घरात गेली. उपयोग काहीच नाही, निव्वळ हौस! नमुना होता इंग्लंडमधल्याच फॉन्टहिल ॲबी या गॉथिक वाड्याचा, आणि तिथला मनोरा १८२५मध्येच कोसळलेला.

दगड भासतो तो रोमन सिमेंटचा गिलावा; नक्षीही त्यातलीच. मातीत सापडणारे चुनखडीचे गोळे भाजून, दळून हे सिमेंट करत. जेम्स पार्कर यांचे पेटंट १७९६चे. एक भाग सिमेंटला एक ते दीड भाग वाळू घेतात. पंधराएक मिनिटांत ते आवळते, म्हणून भिंत आधी भिजवायची आणि माल थोडा थोडाच कालवायचा. आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घातले की ताकद गेलीच.

बिघाड सुरू होतो माथ्याकडून. बारीक भेगेतून पाणी विटांपर्यंत जाते, थंडीत गोठते आणि गिलावा सुटतो. आतले लोखंड गंजून फुगते व भेग रुंदावते. त्यावर पोर्टलंड, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे ठिगळ लावणे हा सर्वांत वाईट उपाय: ते कडक असते, ओल बाहेर पडू देत नाही. दुरुस्तीत आधी वरून येणारे पाणी बंद करावे, मग लाकडी हातोडीने ठोकून पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढावा. सरसकट खरवडल्यास मूळ नक्षी हकनाक जाते.

हॅडलोला १९८७च्या वादळाने जबर तडाखा दिला. १९९६मध्ये माथा उतरवावा लागला. २०१३मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत तो पुन्हा चढला. वाड्याचा बराचसा भाग मात्र १९५१मध्येच पाडला गेला होता.

प्रश्न : असे हौशी मनोरे काँक्रीटचेही आहेत का?

उत्तर : आहेत. इंग्लंडच्याच हॅम्पशर परगण्यातला स्वे टॉवर अँड्र्यू पीटरसन यांनी १८७९ ते १८८५ या काळात बांधला. उंची सुमारे ६६ मीटर, आणि काँक्रीटमध्ये सळई नाही. भार सरळ खाली दाबत राहतो, त्यामुळे भिंत तग धरते; सळई गंजून ती फुटण्याची भीतीही नाही.