मॉनिटरकडे बघू नका, असं मी कुणाला सांगत नाही

दिवस भरायच्या आधी झालेली बाळं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांशी बोलणं हे माझं काम. शब्द वेगवेगळे असतात, पण काळजी फिरून फिरून तीच येते. ‘मॉनिटर वाजला की पोटात गोळा येतो. मी नजर काढली आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?’ त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, ‘मशीनची सवय लागली आणि उद्या ते काढलं, तर बाळ श्वास घेईल ना?’ अलीकडे हे इतक्या वेळा ऐकलं, की एका आईची हकिकत लिहावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे.

तिचं बाळ २९व्या आठवड्यात झालं होतं. नाकाला सीपॅप, म्हणजे हलक्या दाबाने हवा देणारं मशीन, छातीवर तारा, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी (सॅच्युरेशन) मोजणारा तळपायाला गुंडाळलेला प्रोब, त्यातून दिसणारा लाल उजेड. ही आई स्टुलावर बसायची ती पडद्याकडे तोंड करून. काचेची पेटी तिच्या खांद्यामागे असायची. सिस्टर दोनतीनदा म्हणाल्या होत्या, “ताई, तिकडे बघू नका, आम्ही आहोत ना.” ती मान खाली घालायची आणि खालच्या मानेनेच आकडा बघायची.

मी विचारलं, “दिवसभर इथे बसून काय करता?”

“लक्ष ठेवते.”

“कशावर?”

“सॅच्युरेशनवर. नव्वदच्या खाली आलं की हाक मारते.”

“आणि बाळाकडे बघता तेव्हा?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाळाकडे बघून मला काहीच कळत नाही, मॅडम. आकडा बघितला की निदान काहीतरी कळतं.”

ही केस माझ्यासाठी याच वाक्यावर उलगडली. तिला शांत करावं, तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं, ही सगळ्यांची धडपड होती. पण दूध नळीतून जात होतं, लंगोट सिस्टर बदलत होत्या, श्वासाला मशीन आधार देत होतं. आई म्हणून करण्यासारखं एकच काम तिच्या वाट्याला उरलं होतं, राखण. ‘बघू नका’ म्हणजे तेही काढून घेणं. आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांत माझी घडण झाली. बाळाच्या खुणा ओळखायच्या आणि त्यांना उत्तर द्यायचं, यातूनच नातं बांधलं जातं, असं मी मानते. कमी दिवसांच्या बाळाच्या खुणा फार बारीक असतात आणि शेजारच्या यंत्राच्या खुणा फार मोठ्या. आई ऐकू येईल त्या आवाजाकडेच वळणार. म्हणून मी ठरवलं, राखण काढायची नाही, फक्त तिचं तोंड बाळाकडे करायचं.

स्टूल आम्ही अक्षरशः फिरवलं. पडदा बाजूला, बाळ समोर. आणि डॉक्टरांच्या परवानगीने मी वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरना विनंती केली, की अलार्म वाजल्यावर तुम्ही काय बघता ते या आईला शिकवा. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी ओठांचा आणि चेहऱ्याचा रंग, मग छाती हलतेय का, मग पडदा. इतकंच. पण हे शिकवताना त्या आईशी एखाद्या सहकाऱ्याशी बोलावं तसं बोलल्या, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

थोडी माहितीही लागते, कारण अर्धी भीती न कळण्यातून येते. ऑक्सिजनवर असलेल्या अशा बाळांचं सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५च्या दरम्यान ठेवतात. शंभर हवं असा हट्ट धरत नाहीत, कारण जास्त ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला घातक ठरू शकतो. श्वास पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं या वयात नेहमीचं आहे. २० सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा थांबताना हृदयाचे ठोके मंदावले वा रंग बदलला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसतं, म्हणून हे होतं. त्यासाठी कॅफिन हे औषध देतात, आणि बहुतेक बाळांमध्ये गर्भारपणापासून मोजलेल्या ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास हे थांबतं. फार लवकर जन्मलेल्यांमध्ये आणखी लांबतं. आणि बाळाने पाय झाडला किंवा प्रोब सैल झाला तरी अलार्म वाजतोच.

सवयीचं म्हणाल, तर सीपॅप बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. श्वास बाळच घेतं. फुप्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा तयार व्हायला गर्भारपणाचे साधारण ३५ आठवडे लागतात. तो कमी असेल तर कोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात, आणि प्रत्येक श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. हवेचा हलका दाब ते मिटू देत नाही. जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१मध्ये ही पद्धत मांडली. बाळ पेलतंय हे बघत बघतच हा आधार कमी करतात, आणि दमलं तर पुन्हा लावतात. पुन्हा लावणं म्हणजे हरणं नव्हे, हे मी आईवडिलांना आधीच सांगून ठेवते. नाहीतर त्या दिवशी घर कोसळतं.

मग एका दुपारी मी तिच्याशेजारी बसलेली असताना अलार्म वाजला. एरवी ती ताडकन उठून ओरडायची. त्या दिवशी उठली, पण पेटीवर वाकली. ओठ गुलाबी. छाती वर-खाली होत होती. मग तिने पायाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “सिस्टर, प्रोब सरकलाय. पाय झाडतोय तो.” सिस्टरनी येऊन प्रोब नीट बांधला. आई तशीच वाकून बघत होती. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, “डावा पाय धरलेला याला आवडत नाही. उजव्याला काही म्हणत नाही.”

इतक्या भेटींत तिने मला आकडेच सांगितले होते. बाळाच्या स्वभावाबद्दलचं हे पहिलं वाक्य. मी त्यावर काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती. समुपदेशकाच्या कामात असे क्षण मोजकेच येतात आणि ते ओळखता यावेत, एवढ्यासाठी बाकीची मेहनत असते. काही दिवसांनी तिने रंग काळपट होताना बघून सिस्टरना हाक मारली, आकडा त्यानंतर पडला. यंत्र काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतं, त्यामुळे ते जरा मागून बोलतं. सिस्टरनी पाठीवरून हात फिरवला, बाळाने श्वास घेतला. त्या रात्री बाबांचा फोन आला. त्यांचा नेहमीचा प्रश्न, “आज किती होतं?” ती म्हणाली, “आज झोपेत ओठ चाळवत होता. तुम्ही उद्या लवकर या आणि बघा.”

छातीशी घेणंही याच सुमारास सुरू झालं. बाळ स्थिर असेल तर सीपॅप असतानाही कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, देता येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशा बाळांसाठी ती जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करायला सांगितलं आहे. तुमच्या युनिटमध्ये कुणी आपणहून सुचवलं नाही, तर तुम्ही विचारा. विचारायला लाजू नका.

घरी जायची वेळ आली की जुनी भीती नव्या रूपात उभी राहते, ‘आता मॉनिटर नाही.’ त्याची तयारी आधीपासून करा. बाळ काही दिवस, बहुधा पाच ते सात, अ‍ॅप्नियाशिवाय राहिल्यावरच घरी सोडतात. शक्य असेल तर शेवटची रात्र बाळाबरोबर दवाखान्यातच काढा, आणि श्वास थांबल्यास काय करायचं ते हाताने करून शिकून घ्या. वॉर्डात मॉनिटरखाली बाळाला पालथं झोपवत असतील, घरी मात्र पाठीवरच. बाजारात मिळणाऱ्या श्वास मोजणाऱ्या मोज्यांवर किंवा पट्ट्यांवर विसंबू नका. झोपेत होणारा अचानक मृत्यू टाळण्यासाठी बालरोगतज्ज्ञ त्यांची शिफारस करत नाहीत. ओठ निळे पडले, श्वास घेताना फासळ्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, बाळ कण्हू लागलं, दूध ओढेनासं झालं किंवा श्वास लांबला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.